पारदर्शक डाग

नाइट ड्युटीची पहिली तीन वर्षं
कोऱ्या चहावर काढली.
साडेतीन वाजले की पोटात जळजळ,
आणि मारुतीवर शेंदूर चढावा
तशी पापण्यांवर थरावर थर झोप.

मग पुण्याहून आतेभाऊ आला, प्रफुल्ल.
सकाळी काहीच खात नाही म्हणाला,
काळ्या कॉफीत लोणी घालून पितो,
दुपारपर्यंत डोकं आरशासारखं.
त्याचं लोणी चौकोनी, चंदेरी कागदातलं.
नवरा म्हणाला, "मंग चहात रोडगे बुडव न बावा!"
सगळे हसले.
मी हसले नाही.
साडेतीन वाजता मला कुठलाही आरसा चालला असता.

आमच्याकडे तूप पुनाबाईचं.
टेकडीमागून येते ती बुधवारी,
गवळाऊ गाईंचा वास पदराला घेऊन.
"यंदा जास्त नेऊन राहिली. कायच्यात टाकतं वं?"
"कॉफीत."
मापावरचा हात थांबला.
"कडू असते का ते?"
"असते."
"मंग टाक. आमी बाळंतिणीले काढ्यात देतो.
कडू एकट्यानं उतरत नाही."
दाराबाहेर गेलेली परत आली,
झोळीतून वीतभर रवी काढून दिली.
"नुसतं टाकून भागत नाही. घुसळा लागते."

तेव्हापासून सबस्टेशनच्या कोपऱ्यात
हीटरवर पातेलं, दोन रुपयांची पुडी,
चमचाभर तूप, आणि तळहातांत फिरणारी रवी.
ट्रान्सफॉर्मर बाहेर एका सुरात घुमतो,
आत मी माझ्या सुरात.
पहिल्याच रात्री घुसळायचा आळस केला.
तूप वर तरंगलं, ओठ तेलकट,
एक थेंब लॉगबुकात पडला.
अकराचं लोड
अजून बाराच्या पानातून दिसतं.

माघातली एक रात्र सांगते.
गव्हाला पाणी द्यायची वेळ,
सावळी फीडर बंद,
देवमन नेहारे खांबावर.
हँडलला मी लाल पाटी अडकवलेली,
परमिट नंबर सतरा.
फोन थांबत नव्हता.
"बाई, लाइन कवा सोडता?"
"बाई, थंडीत उभं हाओ आमी बांधावर."
तीन चाळीसला आवाज आला:
"झालं काम. सोडा."
खरखरता, घाईतला,
देवमनचा असावा तसाच.
हात उठलाही होता.

कप अर्धा होता, कोमट.
मी एक घोट घेतला
आणि विचारलं, "नंबर सांगा परमिटचा."
पलीकडे नुसता वारा.
मग कोणीतरी फोन ठेवला.

चार वाजून पाच मिनिटांनी देवमन बोलला,
आधी खोकला, मग "सतरा."
खाली उतरलो म्हणाला,
बोटं वाजत नाहीत थंडीनं.
पाटी काढली. हँडल फिरवलं.
दूर कुठेतरी मोटारी एकामागून एक बोलू लागल्या.

तुपानं जागी होते की भीतीनं,
मला ठरवता येत नाही.
दवाखान्यातली सिस्टर म्हणते, बेतानं घ्या,
चमच्याला चमचाच राहू द्या.
प्रफुल्लला फोनवर सांगायला गेले
तर तो आता दुसरंच काही पितो.

सकाळी देवमन सही करायला आला.
मी उरलेलं पातेलं गरम केलं, रवी फिरवली,
कप त्याच्यापुढे ठेवला.
"बाई, यात तेल पडलं."
"तूप हाये. प्या."
तो प्याला. मिशीला पिवळा फेस.
त्या फोनचं मी काही बोलले नाही.
पुसल्या हातानंच त्यानं पेन धरलं,
सहीशेजारी अंगठ्याएवढा डाग उमटवून गेला.

त्यातून उद्याचं पान दिसतं,
अजून काही न लिहिलेलं.